तिसरा फर्मा

पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणाऱ्यांबद्दल तिची मतं वाचनालयात सगळ्यांना तोंडपाठ होती. शाईने रेघोट्या मारणारा निदान उघड निर्लज्ज असतो, ती म्हणायची; पेन्सिलवाला भित्रा आणि वर शहाणा. तिच्या टेबलाच्या खणात तीन खोडरबर होते. एक मऊ, एक कडक आणि एक जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदासाठी राखून ठेवलेला. परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचं. एकोणीस वर्षं जात होतं.

त्यामुळे त्या दुपारी एका पुस्तकाचं तेहतिसावं पान उघडल्यावर ओळींखाली बारीक ठिपके दिसले, तेव्हा तिने फार विचार केला नाही. मऊ रबर काढला आणि खोडायला लागली.

खरं तर त्या पुस्तकापर्यंत यायलाच तिने तीन आठवडे लावले होते. ग्रंथपालबाईंच्या डोक्यातून निघालं होतं की अपंग माणसांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांचं एक वेगळं कपाट दाराजवळ करायचं, बुटकं, चाकाच्या खुर्चीतून हात पोचेल असं. प्रत्येक पुस्तकाला एक कार्ड. आत काय आहे ते दहा-बारा ओळींत.

"तूच लिही," बाई म्हणाल्या. "तुझ्याएवढं वाचलेलं इथे दुसरं कोण आहे? शिवाय..." त्या जरा चाचरल्या. बाबांना जाऊन चारच महिने झाले होते. "घरात बघितलंयस तू सगळं."

"हो," ती म्हणाली. "बघितलंय."

मग ती वाचत गेली. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभं राहून. एका बाईने लिहिलं होतं की मला माझे पाय कधी आडवे आले नाहीत, पायऱ्या आल्या. आणि पायऱ्या काही जमिनीतून उगवत नाहीत, कोणीतरी त्या बांधतो. ऐकू न येणाऱ्या एका सुताराने लिहिलं होतं की गिऱ्हाईक टेबल माझ्याकडून करून घ्यायचं आणि बोलायचं माझ्या बायकोशी. तिथे ती थांबली. डोळ्यांचे डॉक्टर नेहमी तिलाच विचारायचे, "यांना झोप नीट लागते ना?" आणि ती सांगायची, "लागते." बाबा दोघांच्या मध्ये बसलेले असायचे. एकदा ते म्हणाले होते, "डॉक्टर, मी झोपतो तेव्हा ही तिथे नसते हो." डॉक्टर हसले. तीही हसली. सुताराचं पुस्तक वाचेपर्यंत तो विनोद आहे असंच ती धरून चालली होती.

तिने आयुष्यात कमी वाचलं नव्हतं. हक्क हा शब्द हजार वेळा वाचला होता. पण हक्क म्हणजे माणूस आणि सरकार यांच्यामधली गोष्ट, अर्ज, कचेरी, कोर्ट, असंच तिच्या डोक्यात होतं. घरात कुठला आलाय हक्क? घरात माया असते.

ढीग संपत आला आणि खाली एकच पुस्तक उरलं. ते तिने आधीच वाचलं होतं. निदान घरात तिने तसं सांगितलं होतं.

बाबा बाइंडर होते. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. एका कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे रचायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, शिकंज्यात दाबून ठेवायचे आणि शेवटी मशीनवर तिन्ही कडा कापायच्या. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. "मी कपडे शिवणारा," म्हणायचे, "आतला माणूस काय बोलतो त्याच्याशी मला काय करायचंय?" पण मुलगी वाचते याचा तोरा असा की गिऱ्हाइकाला पुस्तक देताना म्हणायचे, "आमच्या घरात वाचून झालंय हं हे." ती काही सांगायला लागली की मुद्द्यावर यायला तिला फार वेळ लागे, म्हणून त्यांनी तिचं नाव प्रस्तावना ठेवलं होतं. "या प्रस्तावनाबाई. मजकूर कितव्या पानावर आहे?"

लहानपणी ती दुकानात त्यांची परीक्षा घ्यायची. शिवायला रचलेल्या गठ्ठ्यातून एक फर्मा हळूच काढून फ्रॉकखाली लपवायची. बाबा गठ्ठा उचलायचे, नुसता हातावर तोलायचे, बघायचेसुद्धा नाहीत, आणि हात पुढे करायचे. "काढा."

साठीला टेकता टेकता काचबिंदूने त्यांची नजर आधी कडेची गेली, मग मधली. दुकान त्यांनी सोडलं नाही. रस्ता पायाखालचा होता, काम हाताखालचं. एक दिवस ती डबा घेऊन गेली तर ते कटिंग मशीनपाशी उभे होते आणि त्यांचा डावा हात पात्याखाली होता. ती किंचाळली.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "हात हलला असता ना." मग हात बाहेर काढून तिला दाखवला, पाचही बोटं. "कड चाचपत होतो. चाळीस वर्षं चाचपतोय. दांडा उजव्या हातात आहे माझ्या, आपोआप पडत नाही तो."

तिने काही ऐकलं नाही. रडली, आणि दुकानाची किल्ली मागून घेतली. परगावच्या दादाने फोनवर सांगितलं, "बरं केलंस." आई काही म्हणाली नाही. बाबा त्या दिवसापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागले.

खुर्चीशेजारी रेडिओ होता. त्यावर त्यांनी एका पुस्तकाबद्दल ऐकलं. लेथ मशीनवर काम करणारा एक माणूस, चौतिसाव्या वर्षी आंधळा झालेला, त्याने स्वतःवर लिहिलेलं. "तुमच्याकडे आहे का बघ," बाबांनी तिला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाचायला काही मागितलं होतं. तिला इतका आनंद झाला की वाचनालयात नव्हतं तर तिने ते मागवून घेतलं.

रोज संध्याकाळी तासभर ती वाचायची. वाचून झालं की बाबा पुस्तक हातात घ्यायचे, पाठ दाबून बघायचे. "शिवलंय. नुसतं चिकटवलेलं नाही. बरा माणूस असणार," म्हणायचे, आणि जिथवर आलं तिथे दोरा स्वतः घालून ठेवायचे.

तिसरं प्रकरण ती दुपारी वाचनालयातच आधी वाचायला बसली. सवय होती तिची. आधी आपण वाचलं की मोठ्याने वाचताना अडखळायला होत नाही. प्रकरणाचं नाव होतं 'घरची माणसं'. 'माझं काम कंपनीने काढून घेतलं नाही,' सुरुवातच अशी. 'कंपनीशी मी भांडलो असतो, कायदा माझ्या बाजूला होता. माझं काम माझ्या बहिणीने काढून घेतलं, रडत रडत. रडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.' दीड पान तिने वाचलं. त्यात ती बहीण कारखान्याच्या दारात उभी राहून मालकाला सांगत होती, तो आता येणार नाही, मी त्याची काळजी घेईन. तिने पुस्तक मिटलं. मिटताना स्वतःला सांगितलं की हे ऐकून बाबांना त्रास होईल.

त्या संध्याकाळी बत्तिसाव्या पानावरून ती एकदम एकोणपन्नासाव्या पानावर गेली. आवाज तसाच, एका लयीत. संपल्यावर बाबांनी पुस्तक हातात घेतलं. दोरा घालायच्या आधी त्यांचा अंगठा पाठीच्या वरच्या टोकावर बराच वेळ फिरत राहिला.

"आज भराभर झालं," ते म्हणाले.

"सोपं होतं, बाबा."

पुस्तक संपलं तरी त्यांनी ते परत करू दिलं नाही. "राहू दे अजून थोडे दिवस." तिने चार वेळा मुदत वाढवून घेतली. शिवलेलं पुस्तक आहे, हातात धरायला बरं वाटत असेल, असं ती समजली. पुढे कटिंग मशीन विकलं, दुकानाची खोली सोडली. आणि चार वर्षांनी बाबा त्याच खुर्चीत, चहा यायची वाट बघता बघता, गेले.

तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मागे होता. बाबांना कळलं होतं का? गठ्ठा तोलून फर्मा ओळखणारा माणूस. त्यांना कळलं असेल तर त्यांनी हात का पुढे केला नाही? आणि कळलं नसेल, तर तिने त्यांना फसवलं होतं आणि ते फसले होते. दोन्हींपैकी काय बरं, तेही तिला ठरवता येत नव्हतं.

पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर सगळे शिक्के तिच्याच नावाचे होते. चार वर्षांत ते दुसऱ्या कोणी नेलं नव्हतं. परत करताना स्वतःचंच म्हणून तिने ते तपासलं नव्हतं. म्हणून ठिपके राहिले होते.

तेहतिसावं पान पूर्ण खोडून झालं, चौतिसावं अर्ध्यावर आलं, तेव्हा तिचा हात मंदावला. ठिपके काही विचित्रच होते. खुणा करणारा माणूस महत्त्वाच्या शब्दाखाली करतो. हे ठिपके 'आणि'खाली होते, 'म्हणून'खाली होते, कुठेही होते. पुढच्या पानावर 'कार्यशाळा' या एका शब्दाखाली तीन होते. ज्याने ते केले त्याला मजकुराबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तो फक्त तिथवर पोचला होता, दम घेतला होता, आणि पुढे निघाला होता.

असे ठिपके तिने पाहिले होते. औषधाच्या खोक्यातून निघणाऱ्या कागदांवर. दादाच्या जुन्या पत्रांवर. आई चौथीपर्यंत शिकली होती आणि पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचत नसे.

रबराचा चुरा तिने पानावरून झटकला नाही. तशीच बसून तिने प्रकरण वाचायला घेतलं.

त्या दीड पानाच्या पुढे बहीण नव्हतीच. राग चौतिसाव्या पानाशी संपत होता. पुढे तो माणूस लेथवर परत कसा गेला ते होतं. मशीनला लाकडी अडसर कसा बसवला, म्हणजे हात ठरावीक रेषेच्या पुढे जाऊच शकत नाही. माप नजरेऐवजी खाचांनी कसं घ्यायचं. कामगाराला अशी सोय मागायचा हक्क आहे, ती मेहेरबानी नाही, आणि मागायची कोणत्या शब्दांत, तेही. नजर गेलेल्या कारागिरांची एक कार्यशाळा होती, तिचा पत्ता होता. तिथे कोणकोणती कामं शिकवतात आणि कोणत्या मशीनला अडसर बसवून देतात, त्याची यादी होती. सुतारकाम, वेताचं काम, विणकाम. चौथं बाइंडिंग.

कार्यशाळा याच शहरात होती. दोन बस बदलून जावं लागे.

ठिपके सेहेचाळिसाव्या पानाच्या तळाशी थांबत होते. पुढच्या दोन पानांवर एकही ठिपका नव्हता.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पुस्तक पिशवीत घालून घरी गेली.

आई दोरीवरचे कपडे काढून पलंगावर घड्या घालत होती. "आज लवकर? डोकं दुखतंय का?"

तिने पुस्तक पलंगावर ठेवलं. आईने बघितलं. हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली.

"आहे का अजून हे?"

"आई, हे ठिपके तुझे?"

"मग काय उंदराचे?" आई म्हणाली. "खोडणार होते मी. तुझा त्यावरून केवढा जीव जातो. राहून गेलं."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "वाचून दाखवलंस त्यांना?"

"तू कामावर गेलीस की म्हणायचे, काढ ते. तीन आठवडे लागले मला. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडायची. मग मी एकेक अक्षर सांगायची आणि ते शब्द ओळखायचे. एकदा मी सांगितलं उकार, होती वेलांटी. पूर्ण वाक्य उलटंपालटं झालं. किती हसलो." आईने दुसरा टॉवेल घेतला. "लग्न झाल्यापासून आम्ही एवढं बोललो नव्हतो."

"कुठून वाचायचं ते तुला कसं कळलं?"

"त्यांनीच पान काढून दिलं, अंगठ्याने. म्हणाले, एक फर्मा गेलाय. मी म्हटलं, छापायचा राहिला असेल. म्हणाले, छापलाय, शिवलाय. वाचला नाही तिने."

बाहेर कोणीतरी जिन्यात सायकल चढवत होतं, तिचं चाक पायरीपायरीला आपटत होतं. तो आवाज वर जाऊन थांबला.

"चिडले होते?"

"चिडणार नाहीत? आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. तुला वाटलं त्यांना उदास वाटतंय, तू डॉक्टरकडे घेऊन गेलीस. गोळ्या आणल्यास."

तिला आठवलं. पिवळ्या गोळ्या होत्या. रोज त्यांच्या तळहातावर ती स्वतः ठेवायची.

"घ्यायचे का ते?"

"कुंडीत टाकायचे. झाड मेलं ते." आई हसली नाही. "मग राग गेला त्यांचा. पत्ता आला ना त्यात, त्या जागेचा. म्हणाले, चल. आम्ही गेलो."

"कुठे?"

"तिथेच. दोन बस बदलून. मी विचारत विचारत नेलं. तिथला शिकवणारा पण आंधळाच. त्याने यांच्यापुढे सुट्या फर्म्यांचा ढीग ठेवला, म्हणाला शिवा. यांनी शिवलं. त्याने पुस्तक असं हातात घेतलं, पाठ दाबली, म्हणाला, तुम्हाला मी काय शिकवू? तुमचं मशीन कुठलं आहे ते सांगा. यांनी सांगितलं. म्हणाला, पुढच्या महिन्यात आमचा माणूस येईल, अडसर बसवून देईल, दुकान उघडा." आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "परत येताना बसमध्ये उभे राहून आले. जागा होती तरी. बसा म्हटलं तर म्हणाले, कंटाळा आलाय बसण्याचा."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, आजच सांगा. म्हणाले, नाही, तिचं तिला येऊ दे. ती वाचेल. एवढी वाचणारी मुलगी आहे, सोळा पानं किती दिवस अशी सोडेल? आणि वाचून आली की मी काही बोलणार नाही, म्हणाले, किल्ली मागेन फक्त. म्हणून तर पुस्तक परत करू देत नव्हते तुला."

पुस्तक चार वेळा मुदत वाढवून सहा आठवडे घरात होतं. रोज तिच्या डोळ्यांसमोर, खुर्चीच्या हातावर.

"मग मशीन विकत घेणारा माणूस आला," ती म्हणाली.

"तू आणलास."

तो तिनेच शोधला होता. खोली रिकामी करायची होती, मशीन गंजत होतं, आणि बाबांना तिथे परत जायची ओढ लागू नये म्हणून लवकर उरकलेलं बरं, असं तिने आणि दादाने फोनवर ठरवलं होतं. कागद तयार करून माणसाला घरीच घेऊन आली होती. बाबांच्या हातात पेन दिलं, बोट धरून सहीच्या जागेवर नेलं. तिला एवढंच आठवत होतं.

"त्यांनी तुला विचारलं होतं," आई म्हणाली.

"काय?"

"आठवत नाही तुला? पेन हातात होतं. म्हणाले, त्या लेथवाल्याचं पुस्तक आपलं सगळं वाचून झालं ना? मधलं काही राहिलं नाही ना?"

आता आठवलं. तिला वाटलं होतं म्हातारं मन भलतीकडे गेलंय, मशीनवाला ताटकळलाय, आणि बाबांना पुस्तकाचं काय सुचतंय. आवाजही आठवला त्यांचा, सावकाश, अगदी साधा.

"मी काय म्हटलं?"

आईने तिच्याकडे बघितलं. "सगळं वाचून झालंय, बाबा, म्हणालीस. करा सही."

ती पलंगावर तशीच बसली. तिला रडू येत नव्हतं. लेथवाल्याची बहीण रडली होती, ती स्वतः दुकानात रडली होती; त्या रडण्याने काय केलं ते नुकतंच वाचून झालं होतं, आणि आता रडायचीही तिला लाज वाटत होती.

"त्यांनी सांगायचं होतं, आई. ओरडायचं होतं माझ्यावर. नाही म्हणायचं होतं."

"कोणावर ओरडणार? तू त्यांना आंघोळीचं पाणी काढून देत होतीस, औषध देत होतीस, वाचून दाखवत होतीस. तुझ्या हातूनच सगळं घ्यायचं आणि तुलाच नाही म्हणायचं?" आईने घड्यांचा ढीग बाजूला सरकवला. "मला म्हणाले होते एकदा. नजर गेली तेव्हा दिसणं गेलं, म्हणाले. नाही म्हणणं नंतर गेलं."

आईनेच पुस्तक जवळ ओढलं, चाचपडत पानं उलटली. तिचेही डोळे आता पूर्वीसारखे नव्हते. "पुढे काय होतं गं यात? माझं इथपर्यंतच झालं. दोन पानं राहिली होती. मशीन गेलं, मग ते म्हणाले, मिटून ठेव."

"वाचू?"

"वाच."

तिने सत्तेचाळिसावं पान उघडलं. आधी स्वतः वाचून घ्यायची सवय तिने बाजूला ठेवली आणि थेट मोठ्याने वाचायला लागली. दोनदा अडखळली. लेथवाल्याने लिहिलं होतं की कामावर परत आल्यावर तिसऱ्या वर्षी त्याचं बोट कापलं. अडसर सैल झाला होता, त्याने तपासला नव्हता. चूक त्याची होती. 'शेजारच्या मशीनवरच्या माणसाने फडकं बांधलं, मला दोन शिव्या घातल्या आणि विचारलं, उरलेला माल आज देतोस की उद्या? घरी जा, असं कोणी म्हणालं नाही. त्याचंही मागच्या वर्षी कापलं होतं, तेव्हा त्यालाही कोणी म्हणालं नव्हतं. मी बोट धरून उभा होतो, दुखत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की ते कोणाला सांगायची सोय नव्हती. आंधळा झाल्यापासून पहिल्यांदा माझं जे काही झालं होतं ते माझं झालं होतं.'

तिथे प्रकरण संपत होतं.

आई खिडकीकडे बघत होती. "हे मी त्यांना वाचून दाखवायला हवं होतं," ती म्हणाली. "दोनच पानं होती. दोन दिवसांत झाली असती."

"तू दमली होतीस, आई."

"दमले नव्हते." आईने नाक पदराने पुसलं. "ते मिटून ठेव म्हणाले आणि मी लगेच मिटलं. मशीन गेलं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. तिथला शिकवणारा म्हणत होता ना, आमचा माणूस अडसर बसवून देईल, मी मान डोलवत होते, आणि मनात म्हणत होते, न येवो तो. पात्याखालचा हात तू सांगितला होतास मला. तो माझ्या डोळ्यांपुढून कधी हललाच नाही. मशीन घेऊन टेम्पो इथून गेला तेव्हा मी खिडकीत उभी होते. म्हटलं, सुटलो."

"त्यांना कळलं होतं ते?"

"मी काही बोलले नाही. पण त्यांना काय, वजनावरून कळायचं."

दोघी पलंगावर बसून राहिल्या, मध्ये घड्या घातलेले कपडे आणि पुस्तक. आईचं ऐकता ऐकता तिने धरून घेतलं होतं की निदान आई बाबांच्या बाजूने होती; बसमधून आलेले, हसलेले, अक्षरं जुळवणारे ते दोघं, आणि त्यांच्यासमोर ती एकटी. आत्ता, या दुपारी, क्षणभर तिला त्याचा आधारही वाटला होता. तोही आता नव्हता. त्या घरात तिघं होती, दादा धरला तर चौघं, सगळ्यांचा बाबांवर जीव होता, आणि बाबांच्या बाजूने बाबा सोडून कोणीही नव्हतं.